न वाजणारा सूर

लॅपटॉपवर ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्या कुणाचीही फाइल उघडून पाहा. व्हायोलिनच्या ओळीत बऱ्याचदा काही सूर असे सापडतील, जे कधीच ऐकू येत नाहीत. खऱ्या व्हायोलिनवर ते वाजवताही येणार नाहीत, कारण वाद्याच्या सगळ्यात खालच्या तारेच्याही दोन-तीन सप्तकं खाली ते लिहिलेले असतात. तिथली पट्टी दाबली तर आवाज काहीच होत नाही. पण त्यानंतर येणाऱ्या सुरांची तऱ्हा बदलते. आतापर्यंत गजाने वाजणारं व्हायोलिन बोटाने छेडल्यासारखं वाजू लागतं. शेजारची पट्टी दाबली की सूर तुटक होतात, त्यापुढची दाबली की थरथरू लागतात. या मुक्या पट्ट्यांना कीस्विच म्हणतात.

ही युक्ती करावी लागली, कारण इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात, ती मिडी नावाची भाषा १९८३ साली कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. १२८ पट्ट्यांपैकी कोणती दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढं ती चोख सांगते. पियानोचं बरंचसं काम त्यात भागतं. व्हायोलिनचं नाही. एकच सूर गज ओढून, उडवून, तारेवर थरथरवून, गजाच्या लाकडाने मारून किंवा बोटाने छेडून काढता येतो. हे सांगायला मिडीमध्ये सोपा शब्द नव्हता. मग खालच्या रिकाम्या पट्ट्या कामाला लावल्या गेल्या. त्यांच्याकडे सूर नव्हता, त्यांना हुकूम देण्यात आला.

मला या युक्तीकडे पाहताना एक प्रश्न पडतो, आणि तो फक्त संगीताचा नाही. ‘हा सूर असा वाजव’ असं माणसाला सांगणं आणि तेच यंत्राला सांगणं, यात नक्की काय बदलतं? दोन्हीकडे ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो तो पिझिकाटोच. तरीही काहीतरी बदलतं असं वाटत राहतं. ते काहीतरी म्हणजे निव्वळ जुन्याचा उमाळा आहे, की त्यात खरंच काही मोलाचं आहे?

एका कागदावर दोन भाषा

आधी स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय घडतं ते पाहू. डोरिको, सिबेलियस, म्यूझस्कोर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही पाच रेषांवर सूर मांडता आणि वर ‘पिझ.’ असं लिहिता. हा शब्द वादकासाठी आहे. पण प्लेचं बटण दाबलं की तोच शब्द यंत्रालाही कळावा लागतो. त्यासाठी मध्ये एक दुभाषा बसवलेला असतो. डोरिकोमध्ये त्याला एक्सप्रेशन मॅप म्हणतात, सिबेलियसमध्ये साउंड सेट. ‘पिझ.’ दिसलं की अमुक पट्टी दाब, ‘आर्को’ म्हणजे ‘पुन्हा गजाने’ असं दिसलं की तमुक दाब, अशी ती यादी असते. मुका सूर खऱ्या सुराच्या किंचित आधी पाठवावा लागतो, नाहीतर हुकूम पोचायच्या आत सूर वाजून जायचा.

दुभाषा नसेल तर लिहिणारा स्वतःच ते खालचे सूर मांडतो आणि छापताना लपवतो. लपवायचं राहिलं तर वादकाच्या कागदावर रेषांच्या खूप खाली, एकावर एक जादा रेघांच्या शिडीला लटकलेला एक असंभव सूर उमटतो.

यंत्राची भाषा किती शब्दशः असते याचा एक नमुना सांगतो. पियानोच्या मधोमध असलेल्या ‘सी’ला यामाहाच्या पद्धतीत सी ३ म्हणतात, इतर अनेक ठिकाणी सी ४. म्हणून लायब्ररीच्या माहितीपुस्तकात ‘सी ० दाबा’ असं असतं आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधला सी ० एक सप्तक इकडे किंवा तिकडे निघतो. हुकूम चुकीच्या दारावर जातो. तिथे कुणी राहत नसेल तर काहीच होत नाही. दुसराच कुणी राहत असेल तर तो निमूटपणे आपलं काम करतो. ‘तुम्हाला शेजारचं घर हवं होतं का?’ असं कुणी विचारत नाही.

हसणारे वादक

आता चारशे वर्षं मागे जाऊ. १६२४ साली व्हेनिसमध्ये मॉन्तेव्हर्दीची एक रचना सादर झाली, ‘तांक्रेदी आणि क्लोरिंदा यांचं द्वंद्व’. लढाईचा आवेश दाखवायला त्याने दोन गोष्टी केल्या. एका ठिकाणी त्याने वादकांना गज बाजूला ठेवून दोन बोटांनी तारा छेडायला सांगितलं. आणि काही ठिकाणी एकाच सुरावर, एका मात्राखंडात सोळा वेळा गज मारायला सांगितला. आज आपण ज्याला ट्रेमोलो म्हणतो त्याच्या घराण्यातलाच हा प्रकार. पुढे १६३८ साली छापलेल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत मॉन्तेव्हर्दीने नोंदवून ठेवलं आहे की, वादकांना, विशेषतः खालचा आधारस्वर सांभाळणाऱ्यांना, हे सुरुवातीला हास्यास्पद वाटलं. एकच सूर सोळा वेळा कशाला? ते सोळाऐवजी एकदाच वाजवायचे आणि सगळा आवेश गळून जायचा.

आज कुठल्याही स्ट्रिंग लायब्ररीत ट्रेमोलोचा कीस्विच असतो. मॉन्तेव्हर्दीला ज्याच्यासाठी वादकांशी झगडावं लागलं, ते एका पट्टीवर मिळतं. ही सोयच आहे, आणि मॉन्तेव्हर्दीला ती मिळती तर त्याने ती आनंदाने घेतली असती असं मला वाटतं. पण त्या वादकांच्या हसण्याकडे थोडं थांबून बघायला हवं. ते चुकीचे होते, हे खरं. तरी त्यांच्या हसण्यामुळे मॉन्तेव्हर्दीला आपण काय करतो आहोत, का करतो आहोत, हे शब्दांत मांडावं लागलं. राग, आवेश, लढाई यांचा संगीतात कुठला प्रकारच नव्हता आणि तो आपण शोधला, असा त्याचा दावा त्या प्रस्तावनेत येतो. जो ‘नाही’ म्हणू शकतो, त्याला कारण द्यावं लागतं. ज्याला कारण द्यावं लागतं, तोच आपल्याकडून विचार करवून घेतो.

गजाच्या लाकडाने तारेवर मारायची तऱ्हाही तशीच. त्याला कोल लेन्यो म्हणतात. बर्लिओझने १८३०च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये शेवटी ती वापरली, होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’मधला मंगळ तर त्यानेच सुरू होतो. वादकांना हे आवडत नाही, कारण चांगला गज फार महाग असतो आणि लाकडावर चरे पडतात. अनेक जण त्यासाठी दुसरा, स्वस्तातला गज घेऊन येतात. म्हणजे स्कोअरवर कोल लेन्यो लिहिताना तुम्ही कुणाच्या तरी मौल्यवान वस्तूवर हात टाकत असता. परिणाम तेवढा मोलाचा आहे का, हे तुम्हाला स्वतःला विचारावं लागतं. कीस्विचला गज नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. आणि प्रश्न उरत नाही म्हणून उत्तरही शोधलं जात नाही.

राहून गेलेला ‘आर्को’

एक साधी कल्पना करा. कुणीतरी ‘पिझ.’ लिहिलं आणि आठ मात्राखंडांनंतर ‘आर्को’ लिहायचं राहून गेलं. त्यानंतर संथ, लांबलचक सुरांची ओळ आहे, हळूहळू चढत जाणारी. छेडलेली तार क्षणात विझते. सूर धरून ठेवून तो वाढवत नेणं छेडून शक्यच नाही. तालमीत बसलेली व्हायोलिनवादक हे पाहताच हात वर करते. “सर, इथे गज घ्यायचाय ना?” कित्येकदा ती विचारतही नाही, गज उचलते आणि वाजवते. लिहिणाऱ्याला चूक झाल्याचं कळतही नाही.

कीस्विच बहुतेक वेळा चिकट असतो, म्हणजे एकदा दाबला की पुढचा दाबेपर्यंत लागू राहतो. त्यामुळे यंत्र ती अख्खी ओळ छेडत बसतं, टुण्‌, टुण्‌, टुण्‌, प्रामाणिकपणे, शेवटपर्यंत. त्याने आज्ञा शंभर टक्के पाळलेली असते.

म्हणजे आज्ञापालन आणि साथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साथ करणारा तुमच्या शब्दांच्या पलीकडे तुमचा हेतू बघतो, आणि शब्द व हेतू जुळत नसतील तर हेतूच्या बाजूने उभा राहतो. सुराच्या डोक्यावर दिलेला स्टॅकाटोचा ठिपकासुद्धा ‘आखूड’ एवढंच सांगतो. किती आखूड, ते वादक ठरवतो: शेजारचा क्लॅरिनेट काय करतो आहे, सभागृह किती घुमतं आहे, रचना मोझार्टची आहे की प्रोकोफिएव्हची. प्रत्येक खूण ही अर्धी राहिलेली सूचना असते आणि उरलेली अर्धी समोरच्याच्या समजुतीवर सोडलेली असते. हे सोडणं म्हणजेच विश्वास. आपण दुसऱ्याला माणूस मानतो, ते बरंचसं अशाच जागा मोकळ्या ठेवून.

लायब्ररी बनवणारे याबाबत अजाण नाहीत. तोच तुटक सूर लागोपाठ वाजला तर मशीनगनसारखा खडखडाट ऐकू येतो, म्हणून ते एकाच सुराची तीन-चार रेकॉर्डिंग ठेवतात आणि आळीपाळीने वाजवतात. त्याला राउंड रॉबिन म्हणतात. व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी सुरू करणारे हर्ब टुक्‌मांडल स्वतः चेलोवादक. त्यांच्या लायब्ररीने एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचे तुकडेसुद्धा रेकॉर्ड केले. सुरांच्या मधल्या जागेत संगीत असतं, हे मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना कुणी समजवायला नको. तेव्हा यंत्राला ‘भावना नाहीत’ म्हणून बोल लावणं मला पटत नाही. नीट केलेलं मॉकअप ऐकून डोळ्यांत पाणी येऊ शकतं. उणीव आवाजात नाही, ती नात्यात आहे.

नागपूरच्या खोलीतला ऑर्केस्ट्रा

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मुलीला ऑर्केस्ट्रासाठी लिहायचं आहे. साठ वादक तिला कुठे भेटणार? सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली मुंबईत एनसीपीएत उभा राहिला. तशी दुसरी पूर्णवेळ संस्था तिला जवळपास सापडणार नाही. तिच्यासाठी विश्वास, साथ, तालीम हे सगळे शब्द श्रीमंतांच्या घरातले आहेत. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राच्या नावाची लायब्ररी २०१९ साली आली, तिची सगळ्यात छोटी आवृत्ती फुकट मिळू शकत होती. म्यूझस्कोर फुकट आहे. एका साध्या लॅपटॉपवर तिला आपण लिहिलेलं ऐकू येतं.

ऐकू येणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते शूबर्टकडे पाहून कळतं. त्याची सी मेजरमधली मोठी सिंफनी त्याच्या हयातीत जाहीरपणे कधीच वाजली नाही. १८२८ साली एकतिसाव्या वर्षी तो गेला. पुढे शूमानला तिचं हस्तलिखित त्याच्या भावाकडे सापडलं आणि १८३९ साली लाइपझिगमध्ये मेंडेल्सोनने ती सादर केली. शूबर्टला कीस्विच मिळाला असता, तर ‘पण यात विश्वासाचं नातं कुठे आहे?’ असं त्याला विचारायची माझी तरी हिंमत झाली नसती.

म्हणून ‘यंत्र वापरावं का’ हा प्रश्न मी इथेच सोडून देतो. वापरावं. प्रश्न उरतो तो, वापरताना आपण कुणाचे देणेकरी होतो आणि आपल्याला कसली सवय लागते.

कुणाचा हात?

कारण त्या पट्टीच्या मागे माणूस आहेच. थोडा हिशोब करून बघा. समजा व्हायोलिनचे ४४ सूर, प्रत्येक ४ पातळ्यांच्या जोरात, प्रत्येक पातळीवर ४ वेळा: एका तऱ्हेसाठी ७०४ वेळा तेच काम. अशा वीस तऱ्हा धरल्या तर चौदा हजारांच्या वर. कुणीतरी शांत स्टुडिओत बसून, खुर्ची करकरू न देता, श्वास आवरून हे वाजवलेलं असतं. आपण कुठल्या रचनेसाठी वाजवतो आहोत हे त्या व्यक्तीला माहीत नसतं. ती रचना अजून जन्मलेलीच नसते.

त्यांना मोबदला मिळतो. लंडनची स्पिटफायर ऑडिओ ही कंपनी तर वादकांना रॉयल्टीही देते असं जाहीरपणे सांगते. चोरी इथे नाही, संमती आहे. पण ती कशाला दिलेली संमती आहे? कांटने १७८५ साली सांगितलं की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याच्या स्वतःच्या हेतूंचाही मान ठेवावा. स्टुडिओतला वादकही साधन असतोच, पण त्याला माझं गाणं ऐकून नापसंती दाखवता येते, उठून जाता येतं. सॅम्पलमधल्या वादकाने आपला सूर कायमचा, कुठल्याही हेतूसाठी दिलेला आहे. माझी रचना त्याला किळसवाणी वाटली असती तरी तो तितक्याच सुंदरपणे वाजवणार. त्याचा नकार त्या दिवशी स्टुडिओच्या दाराबाहेर राहिला.

नकाराची किंमत काय असते ते न्यूयॉर्कने २००३च्या मार्चमध्ये पाहिलं. ब्रॉडवेच्या नाटकांत किमान किती वादक असावेत यावरून वादकांच्या युनियनने संप केला. निर्मात्यांनी ‘व्हर्च्युअल ऑर्केस्ट्रा’ वापरून प्रयोग चालू ठेवायची तयारी केली होती. नट आणि रंगमंच कामगार वादकांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून बहुतेक संगीतनाटकं बंद पडली. चार दिवसांत तडजोड झाली. मोठ्या थिएटरांतली २४ ते २६ वादकांची किमान संख्या १८-१९ वर आली. युनियन हरली म्हणावं की जिंकली? काही खुर्च्या गेल्या, पण शून्यावर आल्या नाहीत, आणि त्या वाचल्या त्या माणसांच्या नकारामुळे.

मुंबईत असा एक ठळक दिवस आला नाही. हिंदी सिनेमाच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात गोव्याहून आलेले वादक आणि अरेंजर पाश्चात्त्य स्वरलिपी वाचत-लिहीत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. सिंथेसायझर, सॅम्पलर आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग रुळलं तसं नव्वदच्या दशकापर्यंत ते शंभरेक माणसांचं एकत्र वाजवणं विरून गेलं. कुणी हुकूम काढला नाही. फोन येणं कमी होत गेलं, एवढंच.

त्यात फक्त रोजगार गेला असं मात्र नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. प्यारेलाल ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत, लक्ष्मीकांत मँडोलिन. इतरांच्या सूचना कागदावर वाचत, त्यांतल्या बऱ्या-वाईट ओळखत, ते दोघे संगीतकार झाले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव गाण्यात आलं. सूचना घेणारा माणूस ती घेताना शिकतो आणि उद्या सूचना देणारा होतो. ऑर्केस्ट्रा ही अशी शाळा होती. सॅम्पलमधला वादक माझ्या रचनेतून काही शिकत नाही. तो त्या एका दुपारी जेवढा जाणता होता, तेवढाच कायम राहतो. आणि त्याच्याशी बोलून मीही फारसा शहाणा होत नाही.

सवयीचा प्रश्न

यंत्राला हुकूम देण्यात अन्याय कुणावर? यंत्रावर तर नक्कीच नाही. मला भीती वाटते ती हुकूम देण्याच्या सवयीची. डिलिव्हरी अ‍ॅपवर आपण ‘बेल वाजवू नका’, ‘गेटवर ठेवा’ अशी बटणं दाबतो. पलीकडे पावसात भिजलेला मुलगा असतो, पण बटणाचा आकार कीस्विचचा आहे: दाबलं की लागू, कारण द्यायला नको, उलट प्रश्न यायची सोय नाही. ‘गेटवर ठेवलं तर कुत्रं नेईल’ हे त्याला दिसत असतं, आणि ते सांगायचा त्रास तो घेईलच असं नाही. त्याला पैसे वेळेवर पोचण्याचे मिळतात, हेतू ओळखण्याचे नाहीत. यंत्राशी माणसासारखं बोलणारे लोक थोडे वेडगळ वाटतात, पण त्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. माणसाशी पट्टीसारखं बोलणं आता इतकं सोपं झालं आहे की ते आपल्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच मला स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमधली ती दुभाष्याची व्यवस्था नुसती तांत्रिक सोय वाटत नाही. तिथे कागदावर माणसाची भाषा राहते आणि हुकूम पडद्याआड जातो. आज वाजवायला एकही माणूस नसला तरी ‘पिझ.’ हा शब्द माणसाला उद्देशूनच लिहिलेला असतो. हे पाळायला काही सोप्या गोष्टी पुरतात. मुके सूर ओळीत ठेवू नयेत, त्यांची जागा मॅपमध्ये. यंत्राला गरज नसलेल्या खुणाही लिहाव्यात: कुठे श्वास घ्यायचा, कुठली ओळ कुणाला पुढे आणायची, आणि राहून गेलेला ‘आर्को’. व्हायोलिनवादकाला पान उलटायला वेळ आहे का ते बघावं, जरी आज पान उलटणारं कुणी नसलं तरी. आणि गाणं प्रसिद्ध करताना ‘स्ट्रिंग्स: सॅम्पल लायब्ररी’ असं नावानिशी लिहावं, म्हणजे ज्यांनी ते चौदा हजार सूर वाजवले ते निदान ‘कुणीतरी’ म्हणून तरी उरतील.

शक्य झालं तर आणखी एक. सॅम्पलच्या थरावर एकच खरं व्हायोलिन रेकॉर्ड करण्याची पद्धत व्यावसायिक कामात सर्रास आहे. त्याने आवाज सुधारतो, हे खरंच. पण त्यासाठी तुम्हाला आपला कागद छापून एका माणसाच्या हातात द्यावा लागतो. तो माणूस सांगलीतला चर्चमध्ये वाजवणारा असेल, नाहीतर कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची मुलगी. ती कागद स्टँडवर ठेवेल, पहिली ओळ वाचेल, आणि तुम्ही ज्याचा कधी विचारच केला नव्हता असं काहीतरी विचारेल: “हा ठिपका किती आखूड हवाय?” त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला तुमची रचना पुन्हा एकदा, या वेळी नीट, ऐकावी लागेल.